आभाळाला दिलेली लेक

‘मुलगी कुठे दिली?’ हा प्रश्न आपल्या समाजात लग्नकार्यात, नोव्हेनाच्या दिवसांत आणि चर्चच्या पायऱ्यांवर नेहमीच कानी पडतो. एखाद्या गावाचे नाव सांगितले की विचारणाऱ्याचे समाधान होते. मग त्या गावातील दोन-चार घरांची चौकशी होते आणि नात्याचा धागा कुठे ना कुठे जुळतो. आम्हां उभयतांना मात्र या प्रश्नाचे सरळ उत्तर कधी देता आले नाही. आमची थोरली भारतीय वायुसेनेत हेलिकॉप्टरची वैमानिक आहे. दोन-तीन वर्षांनी तिचे बिऱ्हाड हलते. कधी वाळवंट, कधी डोंगर. म्हणून ‘आभाळाला दिली’ असे म्हणून आम्ही मोकळे होतो. ऐकणारे हसतात. त्या हसण्यात कौतुक असते, तसाच एक न विचारलेला प्रश्नही असतो: पोटच्या पोरीला तुम्ही या वाटेने जाऊ तरी कसे दिलेत? त्या प्रश्नाला आपल्या परीने उत्तर द्यावे, एवढाच या लेखनाचा हेतू.

ही वाट तिने निवडली ती एका अपघाताच्या बातमीमुळे, हे सांगितले तर अनेकांना नवल वाटते. जून २०१३ मध्ये उत्तराखंडात महापूर आला आणि केदारनाथच्या खोऱ्यात हजारो यात्रेकरू अडकून पडले. रस्ते व पूल वाहून गेले होते. सुटकेचा मार्ग उरला होता तो हवेतलाच. वायुसेनेने ‘ऑपरेशन राहत’ या नावाने हेलिकॉप्टरांच्या फेऱ्या सुरू केल्या. त्या कामात असताना २५ जून रोजी एमआय-१७ व्ही५ जातीचे एक हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळ कोसळले आणि आतील वीसही जण मृत्युमुखी पडले. मदतकार्य थांबणार नाही, असे तत्कालीन वायुसेनाप्रमुख एअर चीफ मार्शल नॉर्मन अनिलकुमार ब्राउन यांनी जाहीर केले आणि खरोखरच ते थांबले नाही. आमची लेक तेव्हा महाविद्यालयात शिकत होती. बातम्या संपल्यावर ती म्हणाली, “इतकी माणसं गेली, तरी दुसरे पायलट पुन्हा त्याच दरीत गेले. मला हे काम करायचंय.” आम्ही एकमेकांकडे पाहिले. पोरवयातला उमाळा आहे, ओसरेल, असे आम्हांस वाटले होते. तो ओसरला नाही.

वायुसेनेची लेखी परीक्षा ती पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झाली. त्यानंतर म्हैसूरच्या निवड मंडळापुढे पाच दिवसांची कसोटी होती. चित्र पाहून गोष्ट लिहायची, अनोळखी मुलांच्या गटात ओंडके व दोर घेऊन अडथळे पार करायचे आणि मग मुलाखतीत आपल्या साऱ्या आयुष्याचा हिशोब द्यायचा. वैमानिक होऊ पाहणाऱ्यासाठी आणखी एक परीक्षा असते. डोळा, हात आणि पाय एकाच वेळी निरनिराळी कामे करू शकतात की नाही, हे ती यंत्रावर तपासते. ती आयुष्यात एकदाच देता येते. तीत अनुत्तीर्ण झालेल्या उमेदवाराला वैमानिक-शाखेचे दार कायमचे बंद होते. शरीराचीही मोजमापे होतात: उंची किमान १६२.५ सेंटिमीटर, पायांची लांबी किमान ९९ सेंटिमीटर. कारण आसनात बसल्यावर पाय पेडलपर्यंत पोहोचलेच पाहिजेत. तिच्या आजीला हे सारे ऐकून गंमत वाटली. “आमच्या वेळी सोयरिकीला आले की पोरीला चालून दाखव म्हणायचे, हे तर पट्टीच घेऊन बसलेत!” असे ती म्हणाली.

२०१४ साली ती हैदराबादजवळील दुंडिगल येथील वायुसेना अकादमीत दाखल झाली. प्रारंभीचे महिने कवायत, धावणे, अभ्यास आणि शिस्त यांत गेले. नंतर स्वित्झर्लंडच्या ‘पिलाटस पीसी-७’ या शिकाऊ विमानाशी गाठ पडली. पूर्वी वापरात असलेले आपल्या देशात बांधलेले एचपीटी-३२ विमान २००९ साली उड्डाणातून बाजूला काढण्यात आले होते आणि २०१३ पासून पिलाटस त्या जागी आले होते. विमानात बसण्यापूर्वी वर्गात बसावे लागते. वारा पंखाला कसा उचलतो, ढग कोणत्या जातीचे, इंजिन कसे श्वास घेते, नकाशावरून दिशा कशी काढायची, हे सारे शिकावे लागते. संकटसमयी करावयाच्या कृती तर शब्दशः पाठ असाव्या लागतात. इंजिन बंद पडले तर काय, आग लागली तर काय, हे झोपेतून उठवून विचारले तरी अडखळून चालत नाही.

तिच्या पत्रांतली एक गोष्ट आमच्या मनात विशेष रुतून बसली आहे. उड्डाणाआधी छात्राला डोळे बांधून विमानाच्या आसनात बसवितात. शिक्षक एकेका कळीचे नाव घेतात आणि छात्राने न चाचपडता नेमक्या तिच्यावरच बोट ठेवायचे असते. धुराने किंवा काळोखाने डोळे निकामी झाले तरी हातांनी चुकू नये, हा त्यामागील हेतू. तिने लिहिले होते: “आजी रात्री दिवा मालवून जपमाळ करते ना, तसंच आहे हे. तिला कुठे मणी पाहावे लागतात?” ते पत्र आजीला वाचून दाखविले, तेव्हा त्या वृद्धेला वैमानिकाचे शिक्षण म्हणजे काय हे आमच्यापेक्षाही लवकर उमगले.

पुढे एके दिवशी शिक्षकांनी विमानातून उतरून तिला एकटीला पाठविले. पहिले एकटे उड्डाण हा प्रत्येक वैमानिकाच्या आयुष्यातील मोठा क्षण. उडायचे, धावपट्टीभोवती एक फेरा घ्यायचा आणि उतरायचे, एवढेच ते काम. पण शेजारचे वा मागचे आसन रिकामे असते आणि चुकले तर सावरणारा कोणी नसतो. तिच्या तुकडीतील सर्वांनाच हा क्षण लाभला नाही. काहींची प्रगती ठरलेल्या तासांत झाली नाही म्हणून त्यांचे उड्डाण थांबविण्यात आले. त्यांतील एक मुलगी आमच्या लेकीची खोलीतली सोबतीण होती. तिने दोन दिवस अन्न घेतले नाही. पुढे ती जमिनीवरील शाखेत गेली आणि आज विमानांना वाट दाखविण्याचे काम करते. आभाळात न जाताही आभाळातल्यांना सांभाळता येते, हे आम्हांला तिच्याकडून कळले.

पहिला टप्पा संपला की छात्रांची विभागणी होते: लढाऊ विमाने, मालवाहू विमाने आणि हेलिकॉप्टरे. त्या वेळी लढाऊ विमाने स्त्रियांना खुली नव्हती. वायुसेनेत स्त्रिया वैमानिक म्हणून आल्या त्या १९९४ पासून. लढाऊ शाखेतील पहिल्या तिघी, अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग, १८ जून २०१६ रोजी दुंडिगललाच अधिकारी झाल्या. आमच्या लेकीने मात्र आरंभापासून हेलिकॉप्टरचाच ध्यास घेतला होता. तिची रवानगी सिकंदराबादजवळील हकीमपेट येथे ‘चेतक’ या हेलिकॉप्टरवर झाली.

हेलिकॉप्टर चालविताना डाव्या हाताशी असलेल्या दांड्याने ते वर-खाली होते, उजव्या हातातील दांड्याने पुढे, मागे वा बाजूला झुकते आणि पायांतील पेडलांनी त्याचे तोंड वळते. मात्र यांतील एक हलविले की उरलेल्या दोहोंचा तोल बिघडतो. म्हणून सर्वांत कठीण काय, असे आम्ही विचारले, तेव्हा वेगाने जाणे कठीण असेल अशी आमची कल्पना होती. ती म्हणाली, “एका जागी स्थिर राहणं. पहिले काही दिवस वाटायचं, मी एखाद्या उधळलेल्या बैलावर बसलेय. शिक्षक म्हणायचे, दांडा आवळू नकोस, नुसता धरून राहा.” आम्ही संसारी माणसे. ज्याला फार आवळले ते हातचे सुटते, हा अनुभव आम्हांलाही नवा नव्हता. रविवारी सुटी मिळाली की ती सिकंदराबादच्या सेंट मेरीज बसिलिकात मिस्साला जाई आणि तेथून आम्हांला फोन करी.

डिसेंबर २०१५ मध्ये तिच्या छातीवर पंखांचे चिन्ह लागले आणि खांद्यावरील अधिकाराची पट्टी आम्ही दोघांनी आपल्या हातांनी उघडी केली. त्या दिवशीचा अभिमान आम्ही लपविणार नाही. पण त्याच रात्री रेल्वेच्या डब्यात आमच्यात एक बोलणे झाले, तेही लपवू नये. आम्ही शांतीच्या राजाचे अनुयायी. आपली लेक ज्या सेनेत गेली ती सेना वेळप्रसंगी शस्त्रही चालविते. याचा मेळ कसा घालायचा?

या प्रश्नावर आम्ही पुढे पुष्कळ वाचले, आमच्या धर्मगुरूंशी बोललो. योहान बाप्तिस्त्याकडे सैनिक आले, तेव्हा त्याने त्यांना सैन्य सोडा असे सांगितले नाही. कोणावर जुलूम करू नका, आपल्या वेतनात संतुष्ट राहा, असे बजावले. कफर्णहूमचा रोमी शताधिपती तर परका आणि जेत्यांच्या सैन्यातला. तरी प्रभूने त्याच्या विश्वासाची मुक्तकंठाने स्तुती केली. प्रत्येक मिस्सामध्ये ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी आपण जी अपात्रतेची कबुली देतो, ती मुळात त्या लष्करी अधिकाऱ्याचीच आहे, याकडे आमचे लक्ष प्रथमच गेले. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात युद्धाच्या क्रौर्याचा कठोर निषेध केला आहे. पण राष्ट्राच्या सेवेत असलेल्या सैनिकाने जर आपले काम नीट केले, तर तो शांतीच्याच रक्षणाला हातभार लावतो, असेही म्हटले आहे. ‘नीट केले तर’ ही अट महत्त्वाची. सैनिकाची सदसद्विवेकबुद्धी गणवेशाबरोबर खुंटीला टांगता येत नाही.

या अटीचा अर्थ इतिहासातही दिसतो. डिसेंबर १९६१ च्या गोवा मोहिमेत हवाई कारवाईची सूत्रे एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्याकडे होती. १८ डिसेंबरला दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकण्यात आले. पण विमानतळाची इमारत वाचवायची, असे आधीच ठरलेले होते आणि ती वाचली. हेच पिंटो २२ नोव्हेंबर १९६३ रोजी पूंछजवळ हेलिकॉप्टरच्या अपघातात गेले. लखनौचे ट्रेव्हर व डेंझिल कीलर हे ख्रिस्ती बंधू १९६५ च्या युद्धात छोट्या ‘नॅट’ विमानांतून लढले आणि दोघांनाही वीरचक्र मिळाले. डेंझिल कीलर यांनी निवृत्तीनंतर बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांच्या क्रीडास्पर्धांसाठी ‘स्पेशल ऑलिंपिक्स भारत’ या संस्थेद्वारे दीर्घकाळ काम केले. शस्त्र धरलेला हात पुढे अशा मुलांच्या पाठीवर फिरू शकतो. आमच्या प्रश्नाचे हे संपूर्ण उत्तर नव्हे. पण आम्हांला चालायला तेवढा उजेड पुरला.

खरी कसोटी पुढेच होती. ८ डिसेंबर २०२१, बुधवार, पवित्र मरियेच्या अमलोद्भवाचा सण. दुपारी दूरदर्शनवर बातमी आली: तामिळनाडूत कुन्नूरजवळ वायुसेनेचे एमआय-१७ व्ही५ हेलिकॉप्टर कोसळले आहे. आत संरक्षण दलांचे प्रमुख जनरल बिपिन रावत, त्यांच्या पत्नी आणि इतर मिळून चौदा जण होते. आमची लेक त्या वेळी देशाच्या दुसऱ्या टोकाला होती, हे आम्हांला ठाऊक होते. पण ती त्याच जातीचे हेलिकॉप्टर चालवीत होती, हेही ठाऊक होते. बुद्धीला जे कळते ते काळजाला पटत नाही. तिचा फोन लागेना. संध्याकाळी आम्ही सणाच्या मिस्साला गेलो. प्रार्थनेचे शब्द ओठांवर होते. मन मात्र खिशातल्या फोनकडे होते. रात्री नऊच्या सुमारास तिचा आवाज ऐकू आला. ती फारसे बोलली नाही. गेलेल्यांत तिच्या ओळखीचे कोणी होते का, हे आम्ही विचारले नाही, तिनेही सांगितले नाही.

पुढच्या आठवड्यात नातलगांची रीघ लागली. सर्वांचे म्हणणे एकच: “आता पुरे झालं. पोरीला परत बोलवा, लग्न लावून द्या.” बोलणाऱ्यांची माया खरी होती. आमच्या दोघांतही त्यावरून रात्री-अपरात्री बोलणे होई. एकाचा धीर सुटला की दुसऱ्याने सावरायचे, असे चाले. शेवटी आम्ही ठरविले की तिला ‘परत ये’ असे सांगायचे नाही. मात्र मनात आहे ते विचारायचे. नाताळाला ती चार दिवस घरी आली, तेव्हा तिच्या आईने विचारले, “बाई, तुला भीती वाटत नाही का गं?”

“वाटते ना, आई,” ती शांतपणे म्हणाली. “जो म्हणतो मला भीती वाटत नाही, तो पायलट मला शेजारच्या सीटवर नको असतो.”

मग तिने आम्हांला जे समजावून सांगितले, ते आमच्या जन्मभराच्या श्रद्धेवर नवा प्रकाश टाकणारे होते. मनुष्याच्या कानाच्या आतील भागात द्रवाने भरलेल्या बारीक नलिका असतात. आपण कुठे झुकलो, कुठे वळलो, हे त्या मेंदूला कळवितात. पण ढगात शिरल्यावर क्षितिज दिसेनासे झाले आणि वळण बराच वेळ चालू राहिले, की तो द्रव वळणाशी जुळवून घेतो आणि आपण सरळच जात आहोत, अशी ठाम साक्ष शरीर देऊ लागते. ते सरळ जाणे खोटे असते. अशा वेळी समोरील उपकरणांवर, विशेषतः कृत्रिम क्षितिज दाखविणाऱ्या यंत्रावर, विश्वास ठेवायचा आणि आपल्या देहाचे ऐकायचे नाही, हे वैमानिकाला पुनःपुन्हा शिकवितात. “सगळं अंग ओरडून सांगत असतं की काटा चुकतोय. तरी काट्याचं ऐकायचं,” ती म्हणाली. जानेवारी २०२२ मध्ये चौकशीचे निष्कर्ष जाहीर झाले. दरीतील हवामान अनपेक्षित बदलून हेलिकॉप्टर ढगात शिरले आणि वैमानिकाचे दिशाभान हरपले, असेच त्यांत म्हटले होते. ते वाचताना आमचे डोळे पाणावले. निष्णात माणसांवरही ही वेळ येऊ शकते, म्हणूनच हे शिक्षण कधी संपत नाही. दर सकाळी हवामानाची माहिती घेणे, डॉक्टरांकडून तपासून घेणे, साधी सर्दी झाली तरी उड्डाण न करणे, हे सारे त्यासाठीच.

श्रद्धा म्हणजे काही वेगळे असते काय? दुःखाच्या ढगात क्षितिज दिसेनासे होते, देव नाहीच अशी साक्ष सारे अंग देऊ लागते, तेव्हा पूर्वजांनी हाती दिलेल्या त्या काट्याकडे पाहत राहायचे. त्यासाठी तो काटा वाचण्याची सवय उजेड असतानाच लागली पाहिजे.

कुन्नूरच्या अपघातातून एकटे वाचलेले ग्रुप कॅप्टन वरुण सिंग हे १५ डिसेंबरला गेले. त्यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये आपल्या जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांना लिहिलेले एक पत्र नंतर सर्वत्र वाचले गेले. शौर्यचक्राचा मान मिळालेला हा अधिकारी त्यात विद्यार्थ्यांना सांगतो की आपण शाळेत सामान्यच होतो. सामान्य असण्यात कमीपणा नाही. जे काम हाती घ्याल ते जीव ओतून करा. आमच्या धर्मग्रामातील तरुणांच्या सभेत या पत्राचा आशय आम्ही सांगितला, तेव्हा मागच्या बाकावरची मुलेही मान वर करून ऐकत होती. गुणांच्या शर्यतीत दमलेल्या आपल्या मुलांना हे ऐकायला हवे आहे.

आमच्या लेकीच्या गणवेशाच्या खिशात लोरेटो मातेचे एक लहानसे पदक असते. नाझरेथचे पवित्र घर देवदूतांनी आकाशमार्गे उचलून इटलीतील लोरेटो येथे आणले, अशी जुनी परंपरा आहे. तिला स्मरून पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी २४ मार्च १९२० रोजी लोरेटोच्या मातेला वैमानिकांची आश्रयदाती म्हणून घोषित केले. १० डिसेंबरचा तिचा स्मरणदिन २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी सार्वत्रिक दिनदर्शिकेत घातला. या परंपरेतील ऐतिहासिक भाग किती, हा अभ्यासकांचा विषय. आम्हांला तिच्यातील अर्थ भावतो: जे उडते तेही एक घरच असते, त्यात कोणाचे तरी लेकरू बसलेले असते.

पूर्वी आम्ही तिला काही होऊ नये, एवढेच मागत असू. ते मागणे आम्ही सोडलेले नाही. आईबापांनी ते सोडूही नये. पण आता त्यात भर पडली आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये ठाणे जिल्ह्यातील पुराने वेढलेल्या एका गावातून वायुसेनेच्या हेलिकॉप्टरने पन्नासांहून अधिक माणसे उचलून सुखरूप आणली. ती माणसे छपरांवर उभी राहून आभाळाकडे पाहत असतील, तेव्हा त्यांच्याही ओठांवर कोणत्या ना कोणत्या नावाने प्रार्थना असेलच. त्या प्रार्थनेचे उत्तर घेऊन कोणाची तरी लेक किंवा लेक नसलेल्याचा लेक येतो. म्हणून १० डिसेंबरला आम्ही मिस्सा सांगतो ती केवळ आमच्या मुलीसाठी नसते. तिच्यासाठी, तिच्या शेजारच्या आसनावरील सोबत्यासाठी, हेलिकॉप्टरची देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञांसाठी आणि खाली वाट पाहणाऱ्या सर्वांसाठी असते. वाचकांपैकी ज्यांची मुले या वाटेने जाऊ इच्छितात, त्यांनी त्या दिवशी आपल्याही लेकरांची नावे या प्रार्थनेत घालावीत.